हस्तधारी डिजिटल रेडिओ स्कॅनरची निवड व प्रोग्रॅमिंग : किनवट तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भारतात घरगुती रेडिओ ऐकण्यासाठीदेखील टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली आणि रेडिओ ऐकण्यासाठी कोणाची अनुमती लागत नाही अशी समजूत समाजात रूढ झाली. आकाशवाणीच्या प्रसारणापुरती ही समजूत योग्य होय. परंतु आकाशवाणीव्यतिरिक्त पोलीस, रेल्वे, विमानवाहतूक, वनविभाग, हौशी रेडिओ केंद्रे व उपग्रह यांचे असंख्य संदेश त्याच अवकाशातून प्रवास करीत असतात, आणि ते ग्रहण करणारे ‘स्कॅनर’ नावाचे उपकरण या समजुतीच्या कक्षेत बसत नाही.

अलीकडे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व भूगोल या विषयांच्या अध्यापकांमध्ये हातात धरून वापरावयाच्या डिजिटल स्कॅनरविषयी कुतूहल वाढलेले दिसते. परदेशी माहितीपत्रकांत या उपकरणाचे जे वर्णन आढळते ते प्रामुख्याने अमेरिकेतील परिस्थितीला धरून असते. ते वाचून नांदेड जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या एखाद्या महाविद्यालयाने खरेदी केल्यास उपकरण कपाटात पडून राहण्याची शक्यता असते. त्याहून गंभीर बाब म्हणजे संबंधित अध्यापक कायद्याच्या अडचणीत येऊ शकतो. म्हणून या उपकरणाचे कार्य, निवडीचे निकष, प्रोग्रॅमिंगची पद्धत आणि कायद्याची चौकट यांचे एकत्रित विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. स्कॅनरचे कार्य व डिजिटल ध्वनिसंदेशाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. भारतातील कायदेशीर तरतुदींच्या प्रकाशात स्कॅनरच्या वापराची मर्यादा निश्चित करणे.
३. किनवटसारख्या डोंगराळ तालुक्यातील महाविद्यालयासाठी निवडीचे निकष व प्रोग्रॅमिंगची क्रमवार पद्धत मांडणे.

स्कॅनरचे कार्य

साधा रेडिओ संच एका वेळी एकाच वारंवारितेवर स्थिर राहतो. स्कॅनर मात्र स्मृतीत नोंदविलेल्या वारंवारिता एकामागून एक तपासत जातो. एखाद्या वारंवारितेवर संदेश आढळला की तो तेथे थांबतो आणि संदेश संपल्यावर काही क्षण वाट पाहून पुढे जातो. कोणत्या पातळीच्या संकेताला ‘संदेश’ मानावयाचे व कोणत्या खरखरीकडे दुर्लक्ष करावयाचे, हे ठरविणाऱ्या नियंत्रणाला ‘स्क्वेल्च’ म्हणतात. ते फार उघडे ठेवल्यास स्कॅनर खरखरीवरच अडकून पडतो, तर फार घट्ट केल्यास क्षीण संदेश निसटतात. म्हणून नवख्याने सर्वप्रथम याच नियंत्रणाचा सराव करावा.

अॅनालॉग पद्धतीत ध्वनीच्या चढउतारानुसार वाहक लहरीची वारंवारिता बदलते. डिजिटल पद्धतीत ध्वनीचे प्रथम अंकांत रूपांतर होते. ‘व्होकोडर’ नावाची प्रणाली मानवी आवाजाची वैशिष्ट्ये ओळखून केवळ तेवढीच पाठविते. त्यामुळे दर सेकंदाला काही हजार बिटांमध्ये समजण्याजोगे बोलणे मावते. अॅनालॉग संदेश क्षीण होत जातो तसा तो अधिकाधिक खरखरीत पण काही अंशी समजण्यासारखा राहतो. डिजिटल संदेश मात्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ ऐकू येतो आणि त्यानंतर एकाएकी तुटतो. डोंगराळ प्रदेशात डिजिटल संदेश ‘आत्ता होता, आत्ता नाही’ असा अनुभव येतो तो यामुळेच.

डिजिटल पद्धती अनेक आहेत. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएमआर मानकात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीचे काळाच्या आधारे दोन भाग केलेले असतात. ३० मिलिसेकंदांचे दोन खंड आळीपाळीने येत असल्याने एकाच वारंवारितेवर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. टेट्रा पद्धतीत २५ किलोहर्ट्झच्या वाहिनीत असे चार भाग असतात. अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणांत प्रामुख्याने पी-२५ पद्धती, तर हौशी रेडिओमध्ये डी-स्टार, डीएमआर व सी४एफएम या पद्धती प्रचलित आहेत. ‘डिजिटल स्कॅनर’ या नावावरून तो या सर्व पद्धती उलगडू शकतो असा ग्रहकसमज करून घेणे ही निवडीतील पहिली चूक होय.

किनवटचा भूगोल व ग्रहणाच्या मर्यादा

किनवट तालुका नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात आणि तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर वसलेला आहे. सागवानी जंगल, डोंगर व त्यांच्यामधील खोलगट वस्त्या असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. स्कॅनर ज्या अतिउच्च वारंवारितांवर काम करतो त्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे दोन ठिकाणांमधील कमाल अंतराचा अंदाज अँटेनाच्या उंचीवरून बांधता येतो. उंची मीटरमध्ये घेऊन दोन्ही अँटेनांच्या उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी व तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते.

उदाहरणार्थ, उभ्या माणसाच्या हातातील संच जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असतो. दोन व्यक्ती सपाट मैदानावर असे संच घेऊन उभ्या राहिल्यास हे अंतर सुमारे १० किलोमीटर येते. एका बाजूस ३० मीटर उंचीचा मनोरा असल्यास ते २७ किलोमीटरच्या पुढे जाते. हे गणित सपाट भूमीचे आहे. मध्ये डोंगर आल्यास प्रत्यक्ष अंतर दोन-तीन किलोमीटरवरही येऊ शकते. जिल्ह्याच्या ठिकाणचे संदेश किनवटच्या बाजारपेठेत उभे राहून ऐकू येतील ही अपेक्षा म्हणूनच निराधार ठरते.

याउलट आकाशातून येणाऱ्या संदेशांना डोंगराचा अडथळा नसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि त्याच्या खालील बिंदूपासून सुमारे २,२०० किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशातून ते क्षितिजावर दिसू शकते. किनवटच्या उघड्या मैदानावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यास नांदेडपेक्षा अंतराळ स्थानक ऐकू येणे सोपे आहे. हे विधान चमत्कारिक वाटले तरी भूमितीच्या दृष्टीने पूर्णतः खरे आहे, आणि अध्यापनाच्या दृष्टीने या उपकरणाचे मूल्य येथेच आहे.

कायद्याची चौकट

भारतात १८८५ चा तार अधिनियम व १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम या दोन कायद्यांनी दीर्घकाळ या क्षेत्राचे नियमन केले. १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी उपकरण परवान्याविना केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. या कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला व त्यातील तरतुदी २६ जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागल्या. नव्या अधिनियमाच्या कलम ३ मध्येही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यतेचे तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे. कलम ४२ नुसार संदेशाचे बेकायदेशीर अंतर्ग्रहण केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हौशी रेडिओ सेवेसाठी १९७८ चे स्वतंत्र नियम करण्यात आले. त्या नियमांत केवळ श्रवण करणाऱ्यासाठीदेखील परवान्याचा एक वेगळा प्रकार होता, ही बाब लक्षणीय आहे. ऐकणे व बोलणे यांत सामान्य माणूस जो भेद करतो तो भेद कायद्याने त्याच अर्थाने केलेला नाही. हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस देता येते. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स संकेतांची चाचणी नसते, तर सर्वसाधारण श्रेणीसाठी ती असते.

परवानामुक्त वापरासाठी शासनाने काही अल्पशक्ती पट्टे खुले केले आहेत. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा वापरासाठी मोकळा केला. तथापि पट्टा परवानामुक्त असला तरी त्यावरील उपकरणास तांत्रिक मान्यतेची आवश्यकता राहते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वारंवारितेची व मान्यतेची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स मंचांना १३ नोटिसा बजावल्या आणि त्यानंतर अशा विक्रीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली. संकेतस्थळावर वस्तू विक्रीस उपलब्ध आहे, म्हणून ती बाळगणे कायदेशीर आहे, हा निष्कर्ष किती फसवा आहे हे यावरून स्पष्ट होते.

सारांश, पोलीस, रेल्वे, विमानवाहतूक वा अन्य यंत्रणांचे अंतर्गत संदेश ऐकणे हा महाविद्यालयीन उपक्रमाचा भाग असूच शकत नाही. आकाशवाणीचे प्रसारण, हौशी रेडिओचे पट्टे, हौशी सेवेसाठी असलेले उपग्रह व अंतराळ स्थानकाचे प्रसारण आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या मान्यताप्राप्त संचांमधील संभाषण एवढेच क्षेत्र त्यासाठी योग्य होय. यासाठीही एखाद्या अध्यापकाने प्रथम हौशी रेडिओ परवाना मिळवावा, स्कॅनरच्या खरेदीविषयी व विशेषतः आयातीविषयी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून लेखी स्पष्टता घ्यावी आणि त्यानंतरच खरेदीचा प्रस्ताव ठेवावा.

निवडीचे निकष

(अ) पद्धतींची अनुकूलता : परदेशी बाजारातील प्रसिद्ध संचांची तुलना केल्यास हा निकष किती निर्णायक आहे ते ध्यानात येते. युनिडेन कंपनीचे २०१४ मधील बीसीडी-४३६-एचपी व २०१८ मधील एसडीएस-१०० हे संच पी-२५ पद्धतीसाठी उत्कृष्ट मानले जातात, परंतु डीएमआर उलगडण्याची सोय त्यांत वेगळे शुल्क भरून सुरू करावी लागते. आयकॉमचा आयसी-आर३० हा संच डी-स्टार व पी-२५ चा पहिला टप्पा उलगडतो, परंतु डीएमआर उलगडत नाही. एओआर कंपनीच्या एआर-डीव्ही१० मध्ये पद्धतींची संख्या अधिक आहे. भारतातील हौशी रेडिओमध्ये डीएमआरचा वापर असल्याने, किमतीने महाग असलेला संचही येथे निरुपयोगी ठरू शकतो.

(आ) वारंवारितेचा विस्तार : भारतात हौशी सेवेसाठी १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे महत्त्वाचे आहेत. बहुतेक सर्व स्कॅनर ते व्यापतात. म्हणून केवळ ‘विस्तार मोठा’ या कारणासाठी अधिक किंमत मोजण्याचे प्रयोजन नाही.

(इ) स्थान-आधारित माहितीकोश : अमेरिकी संचांत टपाल क्रमांक टाकताच त्या परिसरातील वारंवारिता आपोआप भरल्या जातात. माहितीपत्रकात या सोयीचे मोठे कौतुक असते. किनवटचा पिनकोड टाकल्यास मात्र त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. येथे प्रत्येक वारंवारिता हातानेच भरावी लागते. त्यामुळे हस्तनोंदणी सुलभ असणारा संच येथे श्रेष्ठ ठरतो.

(ई) ऊर्जा व अँटेना : क्षेत्रभेटीसाठी बाजारात सहज मिळणाऱ्या पुनर्भारित सेलवर चालणारा संच सोयीचा असतो. सोबत मिळणारी आखूड रबरी अँटेना सर्व पट्ट्यांसाठी मध्यम दर्जाची असते. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले असता तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५.८ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २.०६ मीटर येते व तिचा चतुर्थांश ५१ सेंटिमीटर होतो. तेवढ्या लांबीची तार-अँटेना विद्यार्थी प्रयोगशाळेत स्वतः तयार करू शकतात. महागड्या संचापेक्षा योग्य अँटेनेने ग्रहणात अधिक सुधारणा होते, हे तत्त्व या प्रयोगातून आपोआप पटते.

(उ) पर्याय : संगणकाला जोडावयाचा छोटा सॉफ्टवेअर-आधारित ग्राहक स्कॅनरच्या तुलनेत अत्यल्प किमतीत मिळतो. दूरदर्शन पाहण्यासाठी तयार झालेल्या एका चिपचा असा उपयोग होऊ शकतो हे २०१२ च्या सुमारास सर्वत्र ज्ञात झाले. त्यावर संपूर्ण पट्टा डोळ्यांसमोर आलेखरूपात दिसतो. रशियाच्या मेटिओर-एम मालिकेतील हवामान उपग्रहांची १३७.९ मेगाहर्ट्झवरील डिजिटल छायाचित्रे स्कॅनरवर मिळत नाहीत, कारण तो संकेत स्कॅनरच्या अरुंद वाहिनीत मावत नाही. या ग्राहकाने मात्र ती मिळू शकतात. जुन्या पुस्तकांत वर्णिलेले नोआ-१५, नोआ-१८ व नोआ-१९ हे अमेरिकी उपग्रह २०२५ मध्ये सेवामुक्त झाले असल्याने त्यांवर आधारित प्रयोग आता योजू नयेत. संगणकाला जोडला जातो म्हणून हा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असेही समजू नये.

प्रोग्रॅमिंगची पद्धत

प्रोग्रॅमिंगचा प्रारंभ यंत्रावर न करता कागदावर करावा. प्रत्येक वाहिनीसाठी नाव, वारंवारिता, पद्धत, पायरी व उपस्वर असे पाच रकाने आखावेत. त्यानंतर पुढील क्रम अनुसरावा.

१. पायरी निश्चित करणे : स्कॅनर वारंवारिता सलग बदलत नाही. तो ५, ६.२५, १२.५ किंवा २५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो. परवानामुक्त पट्ट्यातील पहिली वाहिनी ४४६.००६२५ मेगाहर्ट्झवर असून पुढील प्रत्येक वाहिनी १२.५ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहे. येथे ४४६.००० पासून मोजलेली १२.५ ची पायरी ठेवल्यास स्कॅनर प्रत्येक वाहिनीपासून ६.२५ किलोहर्ट्झ दूर राहतो आणि बोलणे विकृत होते. ५ ची पायरी ठेवल्यास १.२५ किलोहर्ट्झचा फरक उरतो. अॅनालॉग बोलणे तरीही समजते, पण डिजिटल संदेश उलगडण्यात चुका वाढतात. ६.२५ ची पायरी निवडल्यावरच वारंवारिता तंतोतंत जुळते. ‘संच बिघडला आहे’ असे वाटावे अशी अनेक प्रकरणे केवळ या एका नोंदीमुळे उद्भवतात.

२. पद्धत निवडणे : अॅनालॉग वाहिनीसाठी अरुंद एफएम, तर डिजिटलसाठी संबंधित पद्धत निवडावी. डीएमआरमध्ये ० ते १५ पैकी एक ‘कलर कोड’ व दोनपैकी एक कालखंड असतो. ते ठाऊक नसल्यास सुरुवातीस शोध-स्थिती ठेवून संचानेच ते दाखवावेत, नंतर कायम करावेत.

३. उपस्वर नोंदविणे : अनेक गट एकच वारंवारिता वापरतात तेव्हा बोलण्याबरोबर एक मंद, कानाला न जाणवणारा स्वर पाठविला जातो. त्याची नोंद केल्यास स्कॅनर केवळ अपेक्षित गटाच्या संदेशावर थांबतो. प्रारंभी मात्र हा रकाना रिकामा ठेवणे हिताचे, कारण चुकीचा स्वर भरल्यास वाहिनी मुकी भासते.

४. गट पाडणे : सर्व वाहिन्या एकाच यादीत ठेवू नयेत. ‘सराव’, ‘हौशी रेडिओ’ व ‘अंतराळ’ असे तीन गट केल्यास हवा तो गट सुरू व नको तो बंद करता येतो. यादी जितकी लांब तितका प्रत्येक वाहिनीकडे परतण्यास विलंब होतो व छोटे संदेश निसटतात.

५. पडताळणी करणे : महाविद्यालयाच्या दोन मान्यताप्राप्त परवानामुक्त संचांपैकी एक विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्यास मैदानाच्या टोकाला पाठवावे. त्याने ठरलेली वाक्ये बोलावीत व स्कॅनरवर ती कोठपर्यंत ऐकू येतात याची नोंद नकाशावर करावी. भूगोल व भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांसाठी हा एक सोपा क्षेत्रप्रयोग ठरतो.

‘अंतराळ’ गटाचे प्रोग्रॅमिंग विशेष उद्बोधक आहे. अंतराळ स्थानकावरील हौशी रेडिओ केंद्राचे संदेश १४५.८०० मेगाहर्ट्झवर, तर तेथील पुनर्प्रक्षेपकाचे संदेश ४३७.८०० मेगाहर्ट्झवर येतात. स्थानक सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने जात असल्याने डॉप्लर परिणाम स्पष्टपणे जाणवतो. पहिल्या वारंवारितेवर तो सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ असल्याने एकच नोंद पुरते. दुसऱ्यावर तो सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ व ४३७.७९० अशा पाच नोंदी कराव्या लागतात. स्थानक जवळ येताना पहिली, डोक्यावर असताना तिसरी आणि दूर जाताना पाचवी नोंद स्वच्छ ऐकू येते. सुमारे दहा मिनिटांच्या एका फेरीत पाठ्यपुस्तकातील डॉप्लर परिणाम विद्यार्थी स्वतःच्या बोटांनी कळ दाबत अनुभवतो. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावरून हौशी रेडिओद्वारे भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता, हे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे.

आपत्ती व्यवस्थापनातील स्थान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी येथील भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला. त्या वेळी भूकंपग्रस्त भागातून संदेशवहनासाठी हौशी रेडिओचालकांनी साहाय्य केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचा गट योगायोगाने अंदमानात होता आणि त्यांच्या केंद्रावरून मदतकार्याचे संदेश मुख्य भूमीपर्यंत पोहोचले. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, आपत्तीत उपयोगी पडतो तो परवानाधारक व सराव असलेला माणूस. केवळ स्कॅनर बाळगणारा श्रोता संदेश ऐकू शकतो, पण उत्तर देऊ शकत नाही. पैनगंगेला पूर येऊन गावांचा संपर्क तुटला असता ऐकणाऱ्याइतकीच बोलणाऱ्याचीही गरज असते. म्हणून स्कॅनर ही या शिक्षणाची पहिली पायरी मानावी, शेवटची नव्हे.

नैतिक मर्यादा

किनवट परिसरात एका प्रश्नाची स्वतंत्र दखल घेणे भाग आहे. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत पसरलेले असून जवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. टिपेश्वरमधील रेडिओ कॉलर लावलेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये महाराष्ट्र व तेलंगणातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. हा प्रवास कॉलरमुळेच अभ्यासकांना ज्ञात झाला. परंतु ज्या संकेताने अभ्यासकाला वाघ सापडतो त्याच संकेताने शिकाऱ्यालाही तो सापडू शकतो. त्यामुळे वन्यप्राण्यांच्या कॉलरचे संकेत शोधण्याचा प्रयोग, तो कितीही शैक्षणिक हेतूने सुचविला गेला तरी, वनविभागाच्या सहभागाविना हाती घेऊ नये आणि अशा वारंवारिता कोणत्याही अहवालात प्रसिद्ध करू नयेत. तसेच कूटबद्ध संदेश कोणताही स्कॅनर उलगडत नाही व तो उलगडण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांना शिकविणे उचित नाही. चुकून ऐकू आलेला अन्य यंत्रणेचा संदेश ध्वनिमुद्रित करू नये, त्याची वाच्यता करू नये आणि ती वाहिनी तत्काळ वगळावी.

निष्कर्ष

१. डिजिटल स्कॅनरची उपयुक्तता त्याच्या किमतीपेक्षा स्थानिक वापरातील पद्धतींशी असलेल्या अनुकूलतेवर अवलंबून असते.
२. अमेरिकी माहितीकोशावर आधारित सोयी भारतात निरुपयोगी असल्याने हस्तनोंदणीचे कौशल्य अनिवार्य ठरते आणि त्यात योग्य पायरीची निवड सर्वाधिक महत्त्वाची आहे.
३. डोंगराळ किनवटमध्ये भूपृष्ठावरील ग्रहण मर्यादित असले तरी अंतराळातील हौशी संदेशांचे ग्रहण शक्य असून त्याचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे.
४. भारतीय कायद्यात श्रवण व उपकरणाचा ताबा हेदेखील नियमनाच्या कक्षेत येत असल्याने परवाना प्रथम, खरेदी नंतर हाच क्रम पाळावा.
५. एखाद्या महाविद्यालयास स्कॅनर परवडत नसेल, तर एका अध्यापकाचा हौशी रेडिओ परवाना, दोन मान्यताप्राप्त परवानामुक्त संच आणि ५१ सेंटिमीटरची हाताने केलेली अँटेना एवढ्या सामग्रीवरही या अभ्यासाचा प्रारंभ करता येतो. सीमेवरील तालुक्यातील विद्यार्थ्यास आकाशातील आवाज ऐकविण्यासाठी त्याहून अधिक काही लागत असेल, तर ते नियमांविषयीचे काटेकोर भान होय.